ओ नव्वद पॉइंट शून्य आणि तुझी भावजय

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (महिनाभर रोज वाकून माझी कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी चारच अंगं टेकली असं समज. उरलेली भेटीत.) तुझा गुडघा कसा आहे? मेव्हण्यांचा खोकला गेला का? भाचीचे पडलेले पुढचे दात परत आले का? तुमच्याकडे सगळं ठीक असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सगळं ठीक आहे असं मी महिनाभर फोनवर सांगतो आहे, ते खोटं होतं. फोन लावला की तू पहिल्या मिनिटाला "बाळ दाखव" म्हणतेस, मग बाळ जांभई देतं, तू विरघळतेस, आणि बाळंतिणीचं राहून जातं. म्हणून हे पत्र. लांबणार आहे. चष्मा लावून बस.

आधी माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल, कारण तू लोकांना "तो हॉस्पिटलात कॉम्प्युटरवर आहे" असं सांगून मोकळी होतेस आणि लोक मला त्यांचे बंद पडलेले प्रिंटर दाखवतात. तर, पेशंट घरी गेला की त्याची फाइल तळघरात आमच्याकडे येते. डॉक्टरांनी तिच्यात लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक दुखण्याला ठरलेला नंबर द्यायचा, एवढंच आमचं काम. त्याला कोडिंग म्हणतात. झाडून सगळ्या दुखण्यांना नंबर आहेत. बाळंतपणाचे नंबर 'ओ' या इंग्रजी अक्षराने सुरू होतात (कळा देणाऱ्या बाईच्या तोंडून निघतो तोही हाच, पण तो योगायोग असावा). सिझेरियनची जखम उकलली तर ओ नव्वद पॉइंट शून्य. जखमेत पू झाला तर ओ शहाऐंशीच्या घरातला एखादा. आत रक्त साकळलं तर ओ नव्वद पॉइंट दोन. सात वर्षांत मी असे चारशेच्या वर नंबर दिले असतील. त्यातली जखम एकही पाहिली नाही. आमच्या तळघराला खिडकीसुद्धा नाही. लिफ्टची मोटर घरघरली की वर कोणीतरी आजारी आहे एवढं कळतं.

आमचा एक नियम आहे. डॉक्टरांनी लिहिलं नसेल ते आपण धरायचं नाही. पेशंटला ताप होता हे फाइलमधल्या तक्त्यावरून शेंबड्या पोराला कळेल, पण डॉक्टरांनी 'ताप' लिहिलं नसेल तर आमच्या लेखी पेशंट थंडगार. अशा वेळी डॉक्टरांना एक छापील प्रश्न पाठवायचा असतो, त्याला क्वेरी म्हणतात. तिच्यात शेवटी 'कृपया स्पष्ट करा' असं असतं. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या मुख्य डॉक्टरीणबाईंना मी आजवर सर्वांत जास्त क्वेऱ्या पाठवल्या आहेत, कारण त्या लिहितात फार कमी. 'जखम बरी. घरी.' संपलं. आमच्या खोलीत त्यांचं नाव त्रोटकबाई. त्यांच्या खोलीत माझं नाव काय आहे ते मला माहीत आहे, पण पत्र तुझी भावजय वाचणार आहे.

याच त्रोटकबाईंच्या हातून तुझी भाची या जगात आली. वीस तास कळा देऊन झाल्यावर पोट उघडावं लागलं, हे तुला ठाऊक आहे. पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. कार्डावर लिहिलं होतं, 'टाके कोरडे. जखम बरी.' मी ते दोनदा वाचलं आणि खरंच सांगतो, मला समाधान वाटलं. लिहिलं होतं ना.

नवव्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, टाक्यांच्या उजव्या टोकाशी ओलं लागतंय. सासूबाई (त्या बाळंतपणासाठी आलेल्या आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे, हे या कंसात कायमचं नोंदवतो) म्हणाल्या, घाम असेल, पंखा वाढव. मी दारातूनच विचारलं, पाणी आहे की रक्त? बायको म्हणाली, मला दिसत नाही, मध्ये पोट येतंय, तू बघ. आता ताई, ज्याने चारशे नंबर दिले त्या माणसाला बघायला कितीसा वेळ लागणार? मी हात धुतले. मग नीट धुतले गेले नाहीत असं वाटून पुन्हा धुतले. खोलीत आलो, बायकोने गाऊन बाजूला केला, मला पट्टीची कड दिसली, आणि गॅस बंद केला का ते पाहायला मी स्वयंपाकघरात गेलो. गॅस बंदच होता. तिथूनच मी मोठ्याने सांगितलं, "बहुतेक साधा स्राव आहे, शंभरात कितीतरी जणींना होतो." हे मी ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात डॉक्टर बोलतात, त्यामुळे दोघींचा विश्वास बसला. या आवाजाने आमचे दोन दिवस घालवले. त्या दोन दिवसांवर विनोद करून पाहिला, जमत नाही, म्हणून पुढे जातो.

अकराव्या दिवशी सकाळी तिला ताप होता आणि गाऊनचा उजवा भाग भिजला होता. वासही होता. तरीही ती बाळाला पाजत होती आणि एका हाताने पोटावर टॉवेल दाबून धरला होता. मला म्हणाली, "बघू नकोस, फक्त गाडी बोलव." त्या 'बघू नकोस'मध्ये राग नव्हता. माझी सोय होती. मला ते जास्त लागलं.

हॉस्पिटलात मी रोज जातो, पण पेशंटच्या बाजूने कधी गेलो नव्हतो. इमारत तीच, पण खुर्च्या वेगळ्याच कडक लागतात. त्रोटकबाईंनी बायकोला आत घेतलं, मला ओळखलं, आणि विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "ओ नव्वद पॉइंट शून्य, कदाचित ओ शहाऐंशी धरून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांपासून? कडेने की मधून? पाणी पातळ की घट्ट? रंग? आसपास लाली किती? ताप किती? एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग त्या अगदी शांतपणे, प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "कृपया स्पष्ट करा." शेजारच्या ड्रेसिंगच्या सिस्टर हातमोजे चढवता चढवता खाली बघून हसल्या. त्या तीन शब्दांसाठी बाई सात वर्षं थांबल्या असाव्यात. उत्तरं बायकोने दिली, झोपल्या झोपल्या, एकही चुकलं नाही.

मी बाहेर जायला निघालो तेव्हा बायकोने माझा शर्ट धरला. मग मी राहिलो, आणि ताई, मी पाहिलं. उजवीकडचे तीन टाके काढल्यावर कातडी आपणहून बाजूला झाली आणि आत साठलेलं सगळं बाहेर आलं. दोन बोटं जातील एवढी जागा. ते काय आहे याचा नंबर मला पाठ होता आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. नंबराला खोली नसते. त्यानंतर मी खाली बसलो. (सिस्टरना हलायला जागा व्हावी म्हणून.)

आता वैद्यकीय भाग, कारण तू विचारशीलच. पोटाच्या आतले थर शाबूत होते, बिघडलं होतं ते कातडीच्या खालचं. त्रोटकबाईंनी पू तपासायला पाठवला, जखम धुतली, औषधं चालू केली, आणि उघडी जागा परत न शिवता ओल्या गॉजने भरली. शिवत का नाही, असं मी विचारलं. "झाकली तर आत परत साठेल. खालून भरत वर येऊ दे." (बाईंच्या मानाने हे भाषण झालं.) रोज ड्रेसिंग, तीन-चार आठवडे. ताप परत आला, लाली पसरली, रक्त थांबेना झालं, तर विचार न करता यायचं. बाळाला पाजायला हरकत नाही. पहिले पाच दिवस हॉस्पिटलात, पुढे घरी. घरी कोण करणार, असं सिस्टरनी विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, बायकोने छताकडे पाहिलं. मी म्हटलं, मी करतो. सिस्टर म्हणाल्या, "उभ्याने कराल ना?"

शिकवणी चालू झाली. कोपरापर्यंत हात धुवायचे. जुना गॉज ओला करूनच काढायचा, ओढायचा नाही. आत एकच सलग पट्टी भरायची आणि तिचं शेपूट बाहेर ठेवायचं, म्हणजे आत काही विसरून राहत नाही. दाबून कोंबायचं नाही, अलगद भरायचं. पहिल्या दिवशी मी घाबरून काम करताना सगळे संबंधित नंबर मोठ्याने म्हणत होतो. सिस्टर म्हणाल्या, तोंडावर मास्क लावलाय तो गप्प बसण्यासाठी. दुसऱ्या दिवशी मी हातमोजे उलटे घातले (हे शक्य आहे, अंगठ्यावरून कळतं). चौथ्या दिवशी मी पहिल्यांदा बायकोच्या चेहऱ्याकडे बघत काम केलं, कारण ती कुठे दुखतंय ते बोलत नाही, भुवई उचलते. सिस्टर म्हणाल्या, "आता जमलं. नुसती जखम बघू नका, हेच सांगणार होते."

घरी आम्ही बाळाच्या दुपारच्या झोपेची वेळ धरली. मी साहेबांकडून अर्धा दिवस कामाची परवानगी घेतली. सासूबाई टॉर्च धरायच्या. त्यांचा हात स्थिर आहे, पण मन नाही. टॉर्च धरल्या धरल्या त्या दर दिवशी एकच गोष्ट सांगायच्या, की सातव्या दिवशी हिने बाथरूममधली भरलेली बादली सरकवली, मी तेव्हाच म्हटलं होतं. त्या हे रागाने म्हणत नव्हत्या. काहीतरी कारण असलं की त्यांना बरं वाटतं. पण ज्या बाईच्या पोटात त्या वेळी मी चिमट्याने गॉज भरत असे तिला रोज दुपारी ते ऐकावं लागायचं. मी "राहू द्या ना" म्हणायचो, आणि टॉर्च थोडी हलायची.

नवव्या ड्रेसिंगला जखम चांगली लाल आणि दाणेदार दिसायला लागली. असं दिसणं चांगलं असतं, सिस्टरनी सांगून ठेवलं होतं. मी फुटपट्टीने बाहेरून माप घेतलं, चार सेंटिमीटर, आणि आनंदाने जाहीर केलं. सासूबाई चहा टाकायला गेल्यावर भिंतीकडे तोंड करून बायकोने विचारलं, "तुमच्या त्या यंत्रात माझं काय लिहिलंय?"

मी सांगितलं, काय लिहिलंय ते मला बघता येत नाही, घरच्या माणसाची फाइल आपण उघडायची नसते, ती शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे गेली आहे. मग ती म्हणाली, "कोणाच्या चुकीने झालं तेही लिहितात का?"

ताई, मला या कामात सात वर्षं झाली. अपघातांसाठी आमच्याकडे असे नंबर आहेत की तू हसशील. माणूस जिन्यावरून पडला की शिडीवरून, त्याला कुत्रा चावला की पोपट, सगळं वेगवेगळं. पण बाळंतपणाच्या पानांत मी शोधलं (हो, आधीच शोधलं होतं, ऑफिसात, दोन दिवस), तर चूक कोणाची याला रकाना नाही. मी म्हटलं, "नाही लिहीत. तशी जागाच नाही तिथे." ती म्हणाली, "मग बादली?" आणि रडली. आवाज न करता, कारण रडताना पोट हललं की दुखतं. मी हातमोजे घातलेले हात वर धरून उभा होतो, तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा तर ते काढावे लागणार होते. काढले. बाहेर चहाची भांडी वाजत होती. ती थांबल्यावर मी परत हात धुतले, नवे हातमोजे घातले आणि राहिलेली पट्टी पुरी केली.

तीन दिवसांनी पुन्हा दाखवायचं होतं. सासूबाई सोबत होत्या. त्रोटकबाईंनी जखम पाहिली, "छान" म्हणाल्या, आणि पेन उचललं. मी म्हटलं, एक प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, लेखी पाठवा. मी म्हटलं, नाही, तोंडी. हिने सातव्या दिवशी बादली सरकवली होती, त्याने झालं का? कृपया स्पष्ट करा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे नाही, बायकोकडे पाहिलं. "नाही."

"नाही म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे नाही. आधी आत पू झाला, म्हणून उघडलं. वीस तास कळा आणि मग ऑपरेशन, यात काही जणींना होतं. काळजी घेऊनही होतं. बादलीचा संबंध नाही, हिचा नाही, तुमचाही नाही." मग माझ्याकडे वळून, "दोन दिवस आधी आणायला हवं होतं, एवढंच." मी मान डोलावली. तो भाग मी लेखी मागितला नाही.

परतीच्या गाडीत सासूबाई सारखं बाहेर बघत होत्या. मला वाटलं, डॉक्टरचं त्यांना पटलं नसेल. घरी आल्यावर त्या खुर्चीत बसल्या, बाळाला मांडीवर घेतलं आणि बाळालाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "तुझ्या आईच्या वेळी माझंही असंच झालं होतं. मला सांगितलं होतं, खिडकीत उभी राहिलीस म्हणून." बायकोने विचारलं, कोणी सांगितलं? त्या म्हणाल्या, सगळ्यांनी. एवढंच. त्यानंतर टॉर्च धरताना त्या दुसऱ्या विषयांवर बोलतात. शेजारणीच्या कुंड्या, माझं वाढलेलं पोट. टॉर्च आता हलत नाही.

परवा चोविसावं ड्रेसिंग झालं, आणि ते ड्रेसिंग नव्हतंच, कारण भरायला जागा उरली नव्हती. उजव्या टोकाशी एक रुंद गुलाबी रेघ आहे. बायको आरशासमोर उभी राहून बराच वेळ बघत होती. म्हणाली, शिवणकाम डावीकडे चांगलं आहे, उजवीकडे तुझ्यासारखं. मी ते कौतुक धरलं आहे. ती आता बाळाला घेऊन गच्चीपर्यंत जाते, आणि काल माझ्यावर ओरडली, तेव्हा बरी आहे.

माझं मात्र ऑफिसात बिनसलं आहे. पूर्वी दिवसाला चाळीस फायली व्हायच्या, आता पंचवीस होतात. ओ नव्वद पॉइंट शून्य आला की मी अडकतो. वय बघतो. कितव्या दिवशी परत आली ते बघतो. तेराव्या दिवशी आलेली दिसली की आठव्यापासून तेराव्यापर्यंत हिच्या घरात कोण गॅस बंद आहे का बघत होतं, असा विचार येतो, आणि त्याला रकाना नाही. विभागप्रमुखांनी बोलावून विचारलं, तब्येत ठीक आहे ना, वेग का कमी झाला? मी सांगितलं, वाचतोय. ते म्हणाले, आधी काय करत होतास?

त्रोटकबाईंनी मात्र लिहायला सुरुवात केली आहे असं आमच्या खोलीत बोलतात. काल त्यांच्या एका फाइलमध्ये जखमेवर चक्क सहा ओळी होत्या. आम्ही पाच जणांनी त्या आळीपाळीने वाचल्या.

मेव्हण्यांना नमस्कार, भाचीला दोन्ही गालांवर एकेक पापी, तुझ्या गुडघ्याला विश्रांती. आम्ही चौघं (सासूबाई धरून, कारण त्या जाण्याचं नाव काढत नाहीत आणि मीही काढत नाही) मजेत आहोत, आणि या वेळी हे खरं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. खालच्या तीन ओळी तुझ्या भावजयीच्या हातच्या आहेत, मी त्यांना जबाबदार नाही:
ताई, घरचं पहिलं ड्रेसिंग मी स्वतः हातात आरसा धरून केलं. हे कॉटशेजारी फरशीवर बसून मला कृती वाचून दाखवत होते. दुसऱ्या दिवसापासून मात्र यांनीच केलं, आणि हात हलका आहे, हे खरं.

ता. क. २. फोनवर सासूबाईंसमोर यातलं काही काढू नकोस. बाळ दाखव म्हण.

ता. क. ३. खरं तर मला एवढंच विचारायचं होतं, वरचं सगळं त्यासाठी लिहीत गेलो. तुझी मुलगी झाली तेव्हा तू तीन महिने आमच्याकडे होतीस. मागच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. आई तुझे कपडे वेगळे धुवायची. जेवायला आलीस की खुर्चीच्या कडेवर, एका बाजूला कलून बसायचीस, आणि मी रोज तुझी नक्कल करायचो. सगळे हसायचे. तूही हसायचीस. मी चोवीस वर्षांचा होतो, लहान नव्हतो. तुला काय झालं होतं, ते कोणी बघितलं होतं का, किती दिवस दुखत होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतर नऊ वर्षांत कधीच विचारलं नाही. आता विचारतो. लिहावंसं वाटलं तर लिही, पानं कितीही होऊ देत. लिहायचं नसेल तर तसं कळव, मी रविवारी येतो. तू बोल किंवा बोलू नकोस, मी बसेन.